जांभळाची बी आणि साखर: परीक्षानळीतला तुरट घोटाळा

अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्लं की तोंड आवळून येतं, जीभ खरखरीत होते. जांभळातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करतं, म्हणून. बीमध्येही टॅनिन भरपूर. ही बी रक्तातली साखर उतरवते का, हे तपासताना सगळ्यात मोठी फसगत होते ती याच तुरटपणामुळे.

आधी बियांचं बघू. कोल्हापुरात जांभळं येतात ती मृगाच्या तोंडावर. त्या दमट हवेत सावलीत पसरलेल्या बिया वाळण्याआधीच बुरसतात, आणि बुरसलेल्या बियांची चाचणी म्हणजे निम्मी बुरशीची चाचणी. गर धुऊन काढावा आणि ओव्हनमध्ये ४० अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवावं. त्याच झाडाची पानाफळांची फांदी दाबून ठेवावी आणि वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पक्की करून घ्यावी. बाजारातली तयार पूड यासाठी घेऊच नये. तिच्यात काय दळलंय ते सांगता येत नाही.

१० ग्रॅम पूड १०० मिली ७० टक्के इथेनॉलमध्ये २४ तास हलवत ठेवायची, गाळायची, कमी दाबाखाली आटवायची. घरोघरी पूड पाण्यातून घेतात, म्हणून पाण्यातला अर्कही वेगळा करावाच.

आता मुख्य चाचणी. पिष्टमय पदार्थ फोडणारं अमायलेज हे विकर (एन्झाइम) अर्कामुळे किती अडतं, ते मोजायचं. ६.९ सामूच्या फॉस्फेट बफरमधलं (सामू स्थिर राखणाऱ्या द्रावणातलं) विकर आणि अर्क, प्रत्येकी ०.२ मिली, १० मिनिटं एकत्र ठेवायचे. मग १ टक्का स्टार्चचं द्रावण ०.२ मिली घालायचं. १० मिनिटांनी डीएनएसए, म्हणजे साखरेमुळे रंग बदलणारं पिवळं रसायन, ०.४ मिली घालून नळी ५ मिनिटं उकळत्या पाण्यात धरायची. साखर सुटली असेल तर पिवळा रंग विटकरी होतो. थंड करून, पाणी घालून पातळ करायचं आणि ५४० नॅनोमीटरवर वाचन घ्यायचं. शेजारी अमायलेज अडवणाऱ्या अकार्बोज या औषधाची नळी तुलनेला हवीच.

बीचा अर्क मुळातच तपकिरी. त्यात स्वतःची साखरही असते. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी विकराऐवजी नुसता बफर घातलेली एक नळी ठेवून तिचं वाचन वजा करावं. हे टाळलं तर आकडे निरर्थक, कधी चक्क उणे येतात.

आणि रंग पिवळाच राहिला म्हणून लगेच आनंदू नये. नळी उजेडासमोर धरून बघावी. गढूळ दिसली तर टॅनिननं विकरालाच लाळेतल्या प्रथिनांसारखं गोळा केलेलं असू शकतं. मग अर्कात आधी बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं प्रथिन) मिसळून तीच चाचणी पुन्हा करायची. टॅनिन त्या प्रथिनाला चिकटतं आणि विकर मोकळं होतं. परिणाम तिथंच ढासळला, तर आपण औषधी गुण नाही, तुरटपणा मोजत होतो. पोटात तर डाळ, दूध, अंडं अशी कितीतरी प्रथिनं टॅनिनला आधीच भेटतात. आमच्या मते ही नळी न लावता काढलेला निष्कर्ष छापूच नये.

यातून तरलेला अर्क प्राण्यांवर तपासायचा तर संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी लागते. तिथं उंदरांच्या एका गटाला स्टार्च आणि दुसऱ्याला ग्लुकोज पाजून रक्तातली साखर ठरावीक अंतरानं मोजतात. अर्क न दिलेल्या उंदरांपेक्षा स्टार्चनंतरची साखर कमी चढली आणि ग्लुकोजनंतर फरक पडला नाही, तर अर्क पचन लांबवतो, एवढंच म्हणता येतं. असा अर्क भाकरी-भातानंतरची चढ थोपवेल. उपाशीपोटीच्या साखरेवर त्याचा थेट जोर नाही.