रबर मोल्डचा ब्लॉक की मशीनचा? चकाकीच्या पलीकडचा फरक

पेव्हर ब्लॉक घ्यायला गेलात की बहुतेक ठिकाणी दोन ढीग समोर येतात. एकातले ब्लॉक लखलखीत, रंग गडद. दुसऱ्यातले मंद, हाताला खरखरीत. आकार तेच: झिगझॅग, डंबेल, आय. सांगितली जाणारी जाडीही तीच. मग नजर चकाकीवर जाते आणि सौदा तिथेच ठरतो. चमकणारा रबर मोल्डचा, खरखरीत तो हायड्रॉलिक प्रेसचा, म्हणजे ज्याला सगळे ‘मशीनचा ब्लॉक’ म्हणतात तो.

रबर मोल्डच्या पद्धतीत पातळ काँक्रीट रबराच्या किंवा पीव्हीसीच्या साच्यात ओततात, साचा थरथरणाऱ्या टेबलावर ठेवून हवा काढतात आणि दुसऱ्या दिवशी ब्लॉक बाहेर काढतात. ब्लॉक साच्यात पालथा असतो. त्याचा दर्शनी भाग तळाला, गुळगुळीत साच्याला चिकटून घट्ट होतो, म्हणून तो चमकतो. ही चमक साच्याकडून आलेली आहे. आत सिमेंट किती, पाणी किती, याबद्दल ती काहीच सांगत नाही. काँक्रीट कोपऱ्यापर्यंत वाहावं म्हणून चांगला कारखानदार प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट वाहतं करणारं रसायन) घालतो, आळशी कारखानदार पाणी वाढवतो. पाणी वाढलं की ताकद गेली. दोन्हींचे ब्लॉक दिसायला सारखेच!

मशीनमध्ये उलट जवळजवळ कोरडा माल वापरतात. तो लोखंडी साच्यात दाब आणि कंपन देऊन बसवला जातो आणि ब्लॉक लगेच साच्याबाहेर येतो. त्यामुळे बाजू उभ्या सरळ आणि जाडी जवळपास एकसारखी मिळते. रबर मोल्डमध्ये पाठीकडची बाजू हाताने थापीने सारखी करतात, त्यामुळे जाडीत काही मिलिमीटर इकडेतिकडे होतं, आणि साचा जुना झाला की कडाही वाकतात. पायवाटेवर हे खपून जातं. गाडीखाली नाही, कारण तिथे ब्लॉक एकटा भार घेत नाही. सांध्यात भरलेल्या वाळूमुळे तो शेजारच्यांना धरून राहतो. सांधे कमीजास्त झाले की ही पकड सुटते.

म्हणून माझं मत सरळ आहे: पोर्चपुढचा रस्ता, उतार, पार्किंग इथे मशीनचा ब्लॉक, तुळशीभोवती, बागेत, बसायच्या ओट्यावर रबर मोल्ड हवा तर घ्या. उतारावर चकचकीत ब्लॉक मात्र नकोच. श्रावणात त्यावर शेवाळ धरलं की दुचाकी आधी घसरते, माणूस नंतर.

आता जाडी. २००६ सालच्या आयएस १५६५८ मानकात वाहनं नसलेल्या जागेसाठी ५० मिमी आणि एम ३० ग्रेड (म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी; आकडा मोठा तितकी ताकद जास्त), हलक्या वाहतुकीसाठी ६० मिमी आणि एम ३५, मध्यम वाहतुकीसाठी ८० मिमी आणि एम ४० अशी पायरी होती; २०२१ मध्ये हे मानक सुधारलं गेलं. बंगल्यातल्या कारला ६० पुरतो. पण सोसायटीत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येत असेल तर हिशोब बदलतो. दहा हजार लिटर पाण्याचंच वजन दहा टन, गाडीचं वेगळं. तिथे ८० घ्या आणि दोन दरांची तुलना करताना दोन्हीकडे जाडी नि ग्रेड एकच धरा. ‘स्वस्त पडलं’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा ६० ची तुलना ८० शी झालेली असते.

मशीनचा म्हणजे आपोआप चांगला, असंही नाही. दाब कमी पडला की बाजूंना छिद्रांची जाळी दिसते, कडा नखाने झडतात आणि असा ब्लॉक पाणी पितो. नीट ओतलेला, पुरेसं पाणी मारून पिकवलेला रबर मोल्डचा ब्लॉक त्याच्यापेक्षा बरा. त्यामुळे ढिगाच्या मधला एखादा ब्लॉक फोडून बघा. खडी उपटून आली तर माल कच्चा; खडीही तुटली तर ठीक. पाच-सहा ब्लॉक सपाट फरशीवर शेजारी ठेवून वरून पट्टी फिरवा, जाडीतला फरक लगेच कळतो. आणि कधी ओतलेत ते विचारा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशोबाने मोजतात, आठवड्याभरात ट्रकमध्ये चढलेल्या मालाची नव्हे.

ब्लॉक कोणताही असो, बसवणारा खाली काय घालतो ते उभं राहून बघावं. मुरूम-खडी रोलरने दाबलेली हवी, त्यावर क्रश सँडचा साधारण ३० मिमीचा सारखा थर. उंचसखल जमीन हाच थर कुठे जाड, कुठे पातळ करून लपवली, तर पहिल्याच पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात. कडेला काँक्रीटचा कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवून धरणारी कड, नसेल तर ओळी बाहेर सरकतात, सांधे उघडतात, वाळू वाहून जाते. मग घुशींनाही वाट मोकळी होते.