गोंडस अक्षर कंपन्यांनी शिकवलं नाही

जपानची ‘कावाई’ म्हणजे गोंडसपणाची हौस हा खेळणी खपवायला कंपन्यांनी रचलेला बनाव, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते साफ चूक आहे. हॅलो किटी, म्हणजे कंपनीने खपवलेलं ते गोंडस मांजरीचं पात्र, आली १९७४ मध्ये, हे खरं. पण त्याच दशकात शाळकरी मुली मेकॅनिकल पेन्सिलीने आडव्या ओळींत बारीक, गोलमटोल अक्षरं काढत होत्या. मध्येच एखादा बदाम, चांदणी, हसरा चेहरा! मैत्रिणींच्या पत्रांतून हे वळण पसरलं. काही शाळांनी तर त्यावर बंदी घातली. मासिकं आणि जाहिरातींनी ते मागाहून उचललं. पोरींचं हे श्रेय कुणी हिरावू नये.

कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्यांचंही तेच, तेही कंपन्यांनी उभे केले नाहीत. टोकियोतलं कॉमिक मार्केट, म्हणजे हौशी कॉमिक्सची जत्राच, डिसेंबर १९७५ मध्ये चाहत्यांनीच सुरू केलं: ३२ गट, साधारण ७०० माणसं. आजही तिथले बहुतेक विक्रेते हौशीच असतात, स्वतः काढलेल्या पुस्तिका घेऊन बसलेले.