जिन्याजवळचा तक्ता: शाळेत कसं वागायचं हे आजवर कोण ठरवत आलंय

जूनमध्ये शाळा उघडल्या की हल्ली मुंबईतल्या काही प्रायमरी शाळांत पहिल्या आठवड्यात पुस्तकं फारशी उघडतच नाहीत. मुलं गोल करून बसतात, बाई विचारतात की या वर्गात सगळ्यांना बरं वाटायला हवं असेल तर आपण कसं वागायचं, मुलं काहीबाही सांगतात, बाई त्यातलं चार-पाच गोष्टींत बसवतात आणि ते कार्डशीटवर लिहून जिन्याजवळ लागतं. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो. खाली दोन प्रकारचे रिप्लाय, एक "खूप छान उपक्रम" आणि हात जोडलेला इमोजी, दुसरा "आमच्या वेळी असले तक्ते नव्हते, एक फटका पुरायचा". मला दुसरा रिप्लाय जास्त प्रामाणिक वाटतो, कारण हा तक्ता ज्याच्या जागी आलाय ती गोष्ट फटकाच आहे, आणि तो फटका का चालायचा, कधी बंद झाला आणि खरंच बंद झाला का, हे बघितल्याशिवाय तक्ता म्हणजे नुसती सजावट वाटणार.

इंग्रजांच्या आधीपासून आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या, कुणाच्या ओसरीत नाहीतर देवळात. धूळपाटीवर अक्षरं, पाढे तोंडपाठ, आणि शिक्षा म्हणजे छडी, कोंबडा, अंगठे धरायला लावणं. यातलं अंगठे धरणं आणि बाकावर उभं करणं आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांनीसुद्धा भोगलेलं आहे, म्हणजे ही परंपरा किती चिवट बघा, राज्यं बदलली, सरकारं बदलली, अंगठे तेच. नियम कुठे लिहिलेले नसायचे, गुरुजींचा मूड हाच नियम.

मग मॉनिटर आला. हा प्रकार आपण ब्रिटिशांकडून आलेला समजतो पण तो आधी मद्रासहून इंग्लंडला गेलाय. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री 1789 पासून मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा सांभाळत होता, तिकडच्या गावठी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने बघितली, आणि मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवायचं अशी पद्धत त्याने बसवली. 1797 मध्ये लंडनला त्याचा रिपोर्ट छापला गेला, तिकडे जोसेफ लँकेस्टरने तशीच शाळा मोठ्या प्रमाणावर चालवली आणि थोड्या वर्षांत ही पद्धत भारतासकट निम्म्या जगात पसरली, कारण एका मास्तराच्या पगारात शेकडो मुलं बसत होती. 1815 नंतर मुंबईत मिशनऱ्यांनी, मग 1820 च्या दशकात मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात जगन्नाथ शंकरशेट वगैरे मंडळींच्या पुढाकाराने शाळा उभ्या राहायला लागल्या, तो काळ नेमका हाच.

बेलबद्दलची एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीये. त्याला मारझोड पसंत नव्हती. मुलांचे गुन्हे एका काळ्या वहीत लिहायचे, आठवड्याने सगळ्यांसमोर वाचायचे आणि मुलांच्याच ज्यूरीने ठरवायचं की काय करायचं. आजच्या गोल करून बसण्याचा लांबचा आजोबाच म्हणा ना. लँकेस्टरचं उलटं, तो पण छडीच्या विरोधात, पण त्याच्याकडे गळ्यात लाकडी ओंडका अडकवणं, टोपलीत बसवून छताला टांगणं असले प्रकार चालायचे, म्हणजे अंगाला हात लावायचा नाही पण मुलाची लाज काढायची. आपल्याकडे यातलं काय टिकलं तर ज्यूरी नाही, वही टिकली. बाई स्टाफरूमला गेल्या की मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात "बोलणारे" असं लिहून खाली नावं मांडणार, परत बोललं की नावापुढे फुली, तीन फुल्या झाल्या की बाई आल्यावर काय ते बघतील. आणि मॉनिटरच्या दोस्ताचं नाव बाई यायच्या आत डस्टरने गायब, हे सांगायला इतिहासकार नको.

पण शाळेत लिहिलेल्या नियमांपेक्षा न लिहिलेले नियम जास्त कडक होते आणि हा भाग आपण पार्श्वभूमी सांगताना पटकन उडी मारून ओलांडतो. डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलंय की साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गात वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागायचं आणि शाळेतल्या नळाला हात लावता यायचा नाही, शिपायाने नळ उघडला तर पाणी, शिपाई नसला तर दिवसभर तहानलेलं राहायचं. हा नियम कुठल्याही भिंतीवर लावलेला नव्हता आणि शाळेतल्या प्रत्येकाला तो पाठ होता. सगळ्यांनी मिळून पाळलेली वर्तनाची अपेक्षा ही अशीही असू शकते. म्हणून कुणी नुसतं म्हटलं की "शाळेची एक संस्कृती असली पाहिजे, सगळ्यांनी ती पाळली पाहिजे" तर मी आधी विचारतो कुणाची संस्कृती आणि कुणी ठरवली. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी होतीच, पण शिक्षक कोणत्या समाजातून येतात हाही मुद्दा होता, तो याच प्रश्नाला भिडतो.

कायद्याचं म्हणाल तर तो बराच काळ छडीच्या बाजूने उभा होता. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 89 होतं, बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूने, पालकांनी किंवा त्यांच्या संमतीने काही केलं तर तो गुन्हा धरायचा नाही. आता प्रायमरीची सगळी मुलं बारा वर्षांखालचीच, आणि शाळेत नाव घातलं म्हणजे संमती दिलीच असं धरलं जायचं, त्यामुळे मास्तरांचे वकील वर्षानुवर्षं याच कलमाचा आधार घ्यायचे. जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यातही ही तरतूद जवळपास तशीच आहे. "चामडी लोळवा पण शिकवा" असं सांगून मुलाला शाळेत सोडणारे आईबाप फार लांबच्या काळातले नाहीत.

याला छेद देणारी माणसं महाराष्ट्रात आणि शेजारी गुजरातमध्ये होती. भावनगरला गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये बालमंदिर काढलं, मारायचं नाही, भीती दाखवायची नाही आणि बक्षिसाचं आमिषही नाही. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या, त्यांनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. दोघांनी धरलेल्या माँटेसरी पद्धतीची कल्पना अशी की मोजकेच नियम, पण ते वस्तूंत आणि जागेतच रुजवलेले, सतरंजी पसरली की ती तुझी कामाची जागा, दुसऱ्याने त्यावर पाय द्यायचा नाही, वापरलेली वस्तू परत जागेवर. शिक्षकाने ओरडून सांगायला काही उरतच नाही. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डी आणि कोसबाडला गेल्या, तिथे गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. ही कामं खूप मोठी, पण पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेच्या साठ मुलांच्या वर्गापर्यंत त्यातलं फार थोडं पोचलं. बालवाडीत गोडीगुलाबी आणि पहिलीत गेलं की पट्टी, ही सीमारेषा मुंबईत खूप वर्षं ठरलेली होती.

आपण सगळ्यांनी म्हटलेली वागणुकीची पहिली सार्वजनिक कबुली कोणती असेल तर माझ्या मते ती प्रतिज्ञा. पी. व्ही. सुब्बाराव यांनी ती 1962 मध्ये तेलुगूत लिहिली. 1964 मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या बैठकीत ती देशभर घ्यायचं ठरलं, तेव्हा शिक्षणमंत्री होते एम. सी. छागला, म्हणजे आपल्या मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. 26 जानेवारी 1965 पासून ती शाळाशाळांत सुरू झाली. रोज परिपाठाला हात पुढे करून "मी माझ्या पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन" असं म्हणून आपण मोठे झालो. वाक्य सुंदर आहे, फक्त म्हणणारी मुलं आणि ऐकणारे मोठे. प्रत्येकाशी सौजन्याने, यात वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा धरून शिक्षकांनीही वागायचंय हे कुणी कधी काढलं नाही.

नव्वदीच्या अखेरीस मूल्यशिक्षण आलं, त्यात वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा वगैरे. 1999 मध्ये आपल्याच शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनेही मूल्यशिक्षणावर अहवाल दिला. मूल्यं चांगलीच होती पण तास लागला, वही झाली, प्रोजेक्ट झालं, आईने कटिंग चिकटवून दिली आणि विषय संपला.

खरा बदल कोर्ट आणि कायद्याने केला. भारताने 1992 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता मान्य केली, त्यात शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून हवी असं स्पष्ट आहे. 2000 साली दिल्ली हायकोर्टाने तिथल्या शाळा-नियमांतली छडीची तरतूद रद्द केली. मग शिक्षणहक्क कायदा, 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी घातली आणि कलम 16 ने आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकायची वाट बंद केली. 2019 मध्ये नापास करण्याबाबत दुरुस्ती झाली पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच आहे. 2012 मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात टोमणे मारणं, नावं ठेवणं हेसुद्धा मानसिक छळात धरलं. इथे शिक्षकांची पंचाईत झाली ती मी समजू शकतो, छडी गेली, टीसी हातात द्यायची धमकी गेली, "ढ" म्हणायचं नाही, आणि समोर पन्नास पोरं, बाजूच्या वर्गाशी मध्ये फक्त एक पार्टिशन. काढून घेतलं सगळं पण त्याच्या जागी काय करायचं याचं ट्रेनिंग बहुतेकांना मिळालंच नाही. डायरीतला लाल शेरा आणि "उद्या पालकांना घेऊन ये" एवढंच उरलं.

तक्ता याच रिकाम्या जागेत शिरला आणि त्याचा आजचा साचा बऱ्यापैकी अमेरिकन आहे. तिकडे 1980-90 च्या दशकात ऑरेगन विद्यापीठात रॉब हॉर्नर, जॉर्ज सुगाई वगैरे मंडळींनी अशी पद्धत बांधली की संपूर्ण शाळेसाठी तीन ते पाचच अपेक्षा ठेवायच्या, त्याही "हे करू नका" अशा नाही तर "असं करा" अशा, आणि मग जिना, वर्ग, डब्याची वेळ, टॉयलेट अशा प्रत्येक ठिकाणी ती अपेक्षा नेमकी कशी दिसते हे चौकटीत मांडून गणितासारखं शिकवायचं. बेसिक गृहीतक असं की मुलाला वागणं येत नसेल तर ते शिकवायचं, शिक्षा नंतरची गोष्ट. टीकाही आहे, की स्टार आणि कुपनं देऊन मुलांना आज्ञाधारक बनवायचा हा गोड मार्ग आहे, आणि ती टीका मला पटते. गिजुभाई आमिषाच्या विरोधात होते ते विसरून आपण परत स्टिकरवर आलोच की.

मुंबईत ही चौकट भरायला घेतली की मजा येते. एका तिसरीच्या वर्गातला कच्चा कागद बघितलाय मी. बाईंनी वर लिहिलेलं "आदर", आणि खाली मुलांची भर: जिन्यात ढकलायचं नाही, दुसऱ्याचा डबा बघून "ई" करायचं नाही, पाण्याच्या बाटलीला तोंड लावायचं नाही, मॉनिटरने आपल्या फ्रेंडला सोडायचं नाही. आणि शेवटी पेन्सिलने, खोडून परत लिहिलेलं, "टीचरने पण जोरात ओरडायचं नाही". डब्याचं ते वाक्य मला महत्त्वाचं वाटलं, कारण ज्या शहरात पालिकेच्या शाळाच आठ भाषांत चालतात तिथे डब्यात काय आहे यावरून वर्गात कोण कुणाशेजारी बसणार हे ठरतं, नळाची गोष्ट अगदीच जुनी झालेली नाहीये. फायनल कार्डशीटवर "एकमेकांच्या जेवणाचा मान ठेवू" असं गुळगुळीत वाक्य आलं. शिक्षिकेच्या ओरडण्याचं वाक्य मात्र तसंच ठेवलं होतं, त्या बाईंना मानलं.

तक्त्यात मोठ्यांनी कसं वागायचं हा कॉलम कुणी भरायचा हा सध्याचा वाद आहे. कायद्याने सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते, सरकारी-पालिकेच्या शाळांत तर त्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, खासगी शाळांत पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, आहे. पण राज्यात पीटीएचं बळ 2011 च्या फी नियमन कायद्यातून आलं, त्यामुळे मीटिंगमध्ये विषय फीचाच निघतो आणि वागण्याचं आलं की घड्याळं बघितली जातात. 2022 मध्ये शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमायचा निर्णय निघाला, पण त्यांची आठवण सगळ्यांना झाली ती ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला शाळेतच लहान मुलींवर अत्याचाराची घटना उघड झाल्यावर. तेव्हापासून शाळेत मोठ्यांनी मुलांशी कसं वागायचं, शिपाई काका, सफाईवाल्या मावशी, पीटीचे सर सगळे धरून, हे लिहून काढायला काही शाळांनी सुरुवात केलीये. पालकांनी गेटवर शिक्षकांशी कोणत्या आवाजात बोलायचं आणि ग्रुपवर दुसऱ्याच्या मुलाचं नाव घेऊन तक्रार टाकायची की नाही, हेही त्यात यावं असं शिक्षकांचं म्हणणं आहे आणि त्यात चूक काही नाही.

व्हॅन मात्र या सगळ्यातून सुटते. स्कूलबससाठी राज्याचे 2011 चे वेगळे नियम आहेत, त्यासाठी शाळेची वेगळी परिवहन समिती असते आणि ती बघते सीट, वेग, अटेंडंट बाई. लहान मुलाची सगळ्यात जास्त चिडवाचिडवी होते ती मागच्या सीटवर, शाळेच्या वेळेबाहेर, आणि त्या अर्ध्या तासात कसं वागायचं हे ना शाळेच्या तक्त्यात आहे ना परिवहन समितीच्या कागदात.