लायटर अस्सल की नक्कल? मुलाम्याला विचारू नका

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या आसपास दर दिवाळीला गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांच्या, गाड्या गावात येतात. खानापूर-आटपाडीची ही माणसं देशभरात सोन्या-चांदीची मूस लावून बसलेली, त्यामुळे कट्ट्यावरच्या गप्पाही धातूच्याच. यंदा चर्चा होती एका लायटरची. सोनेरी, चौकोनी, बुडाला ‘एस. टी. ड्युपॉन्ट’ कोरलेलं. दक्षिणेत दुकान असलेल्या एकाला तो कुणीतरी उधारीपोटी दिलेला. अस्सल असेल तर किंमत पाच आकडी, नसेल तर यात्रेतल्या खेळण्याची. मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, हातात घे, जड लागला की खरा. दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा व्हिडिओ काढला: झाकण उघडल्यावर ‘टिण्ण’ वाजलं की डोळे झाकून घ्यायचा. तिसरा म्हणाला, सराफाकडं मशीन आहे, दोन मिनिटांत दूध का दूध.

तिन्ही कसोट्यांत थोडं विज्ञान आहे आणि बरीच फसगत. लायटर मी वापरत नाही आणि सिगारेटची तरफदारीही करायची नाही, पण धातू ओळखण्याचा हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या माणसाला गप्प बसू देणारा नाही.

आधी अस्सल म्हणजे काय ते सांगून टाकतो. ड्युपॉन्ट ही 1872 साली पॅरिसमध्ये सुरू झालेली फ्रेंच कंपनी; रसायनवाल्या अमेरिकी ड्युपॉन्टशी तिचा काही संबंध नाही. मूळ धंदा चामड्याच्या प्रवासी पेट्यांचा. कंपनी सांगते ती हकीकत अशी, की पतियाळाच्या महाराजांनी शंभर शोभेच्या हातपेट्या मागवल्या, प्रत्येकीत सोन्याचा लायटर हवा म्हणून सांगितलं, आणि त्यातून 1941 साली त्यांचा पहिला पेट्रोलवरचा लायटर जन्मला. गॅसवरचा 1952 चा. दुसरं मोठं नाव झिप्पो. जॉर्ज ब्लेसडेल यांनी 1932 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डला ही कंपनी काढली. दोन्हींच्या कवचाचा मुख्य धातू पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त.

स्वस्तातल्या नकलेत बहुतेकदा पितळ नसतं, झामॅक असतं. हे जस्ताचं संमिश्र, त्यात सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम. 1929 साली अमेरिकेत तयार झालं आणि तेव्हापासून दाराच्या मुठी, नळाच्या तोट्या, खेळण्यातल्या मोटारी यांनी जग भरून टाकलं. साधारण 385 अंश सेल्सिअसला वितळतं, पोलादी साच्यात दाबाने भरता येतं, आणि साचा उघडला की नक्षीसकट तयार. त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते त्याच्यावर सोनेरी मुलामा देऊन पितळेच्या भावात विकणं.

आता जडपणा. हाताला कळतं ते वजन, आणि ओळख पटवते ती घनता. भिंती थोड्या जाड ओतल्या की झामॅकचा लायटरही पितळेइतका भरतो. पितळेची घनता घन सेंटीमीटरला 8.4 ते 8.7 ग्रॅम, झामॅकची 6.6 ते 6.7. हा फरक कुठल्याही मुलाम्याने झाकत नाही. झिप्पोच्या बाबतीत तो घरी मोजताही येतो, कारण आतला वात-कापसाचा भाग ओढला की अख्खा बाहेर येतो आणि हातात नुसतं कवच राहतं. ते कोरडं करून सराफी काट्यावर वजन करा. समजा 34 ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि कवच दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटीमीटर कवचाचं आकारमान. 4.0 च्या आसपास आलं तर पितळ, 5.1 आलं तर झामॅक. बिजागरीच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाका आणि कवच दोऱ्यानेच हलवून घ्या. एखादा बुडबुडा राहिलाच तरी 4.0 चे 4.1 होतील, 5.1 होणार नाहीत.

हीच वाटी आणि हाच दोरा ‘राइस पुलर’वाल्यांच्या तांब्यासाठीही ठेवा. वीज पडून इरिडियम शिरलेला, तांदूळ ओढणारा, परदेशी शास्त्रज्ञ कोटी रुपयांना घेणार असलेला तांब्या आपल्याकडच्या भल्या-भल्या, शिकलेल्या लोकांनी जमिनी विकून ‘बुक’ केला आहे. इरिडियम या दुर्मिळ धातूची घनता 22.5 आहे, तांबं या धातूची 8.96. कोटीच्या इरिडियमचा दावा करणारं भांडं पाण्यात 8.9 च्या पुढे सरकत नसेल, तर पूजेसाठी आगाऊ मागितलेले पैसे कशाचे ते विचारावं. दाभोलकरांच्या साताऱ्याला लागून असलेल्या जिल्ह्यात हे अजून सांगावं लागतं, याची लाज वाटते.

ड्युपॉन्टची अडचण अशी, की त्याची टाकी आणि कवच वेगळं होत नाही. पोकळी, गॅस, झडपा सगळं धरून मोजलेली घनता निरर्थक. म्हणून मंडळी मशीनकडे गेली.

सराफाकडचं हे मशीन क्ष-किरण मारून चालतं. किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो, रिकामी जागा भरायला बाहेरचा इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि उतरताना स्वतःचा क्ष-किरण सोडतो. त्या किरणाची ऊर्जा ही त्या मूलद्रव्याची सही. तांब्याची 8.05 किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, जस्ताची 8.64, सोन्याची 9.71. अणुक्रमांक वाढतो तशी ही ऊर्जा ठरावीक नियमाने वाढते हे मोझली या तरुणाने 1913 साली दाखवलं, आणि दोनच वर्षांत तो पहिल्या महायुद्धात मारला गेला.

विट्याच्या लायटरवर मशीनने सोनं थोडं, तांबं भरपूर, जस्त भरपूर असं दाखवलं. तांबं अधिक जस्त म्हणजे पितळ, म्हणजे अस्सल! पेढे मागवायची भाषा झाली.

घोटाळा इथंच आहे. मशीन धातूच्या पोटात शिरत नाही. तांब्याच्या अणूने सोडलेला किरण तांब्यातूनच बाहेर पडताना वीसेक मायक्रॉनमध्ये निम्म्याहून अधिक शोषला जातो. म्हणजे वाचलं जातं ते फक्त वरचं कातडं. आणि झामॅकच्या कातड्याची एक खासियत आहे. जस्तावर थेट निकेल किंवा सोनं चढवायला गेलं तर मुलाम्याच्या आम्ल द्रावणात जस्त विरघळू लागतं. म्हणून आधी तांब्याचा थर द्यावाच लागतो, काही मायक्रॉनचा. मशीनचा किरण सोन्यातून जातो, तांब्याचा थर पाहतो, त्याच्याखालचं जस्त पाहतो आणि सगळ्याची बेरीज करून शंभर टक्क्यांचा तक्ता काढून देतो. तांबं आणि जस्त एकमेकांत मिसळलेले आहेत की एकावर एक पसरलेले, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. लगडीचा टंच, म्हणजे शुद्धता, काढताना जुना गलाईवाला दोन्ही टोकांना भोक पाडून आतला चुरा घेतो, तो याचसाठी. लायटरला भोक पाडायला मात्र मालक तयार होईना.

भोकाची गरजही नव्हती. बिजागरीच्या कोपऱ्यावर, झाकण रोज घासतं तिथं, मुलामा झिजला होता. भिंगाखाली पाहिलं तर बाहेरून आत तीन कडा: पिवळी, मग केसाइतकी बारीक तांबूस, मग करडी. पितळ झिजलं तर मुलाम्याखाली शेवटपर्यंत पिवळंच लागतं. करड्या रंगाला त्या जागी काही काम नव्हतं.

राहिला आवाज, आणि माझ्या मते खरी मजा इथं आहे. ड्युपॉन्टच्या काही लायटरांचं झाकण उघडताना घंटेसारखी टिणक येते, ती इतकी नावाजलेली की लोक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. लोक समजतात की ओळख सुरात आहे. सूर ठरतो झाकणाचा आकार, जाडी आणि त्या धातूतला ध्वनीचा वेग यांवरून. वेग म्हणजे ताठपणा भागिले घनता, याचं वर्गमूळ. पितळेसाठी गणित केलं तर सेकंदाला सुमारे 3400 मीटर येतात, झामॅकसाठी सुमारे 3500. झामॅक हलकं आहे, पण कमी ताठही आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. त्याच आकाराची दोन झाकणं जवळजवळ एकाच सुरात बोलतील. फरक पडतो तो सूर टिकतो किती यात.

धातू वाजतो म्हणजे तो सेकंदाला हजारो वेळा किंचित वाकतो आणि सरळ होतो. आदर्श धातूने वाकताना घेतलेली सगळी ऊर्जा परत दिली असती. खऱ्या धातूत स्फटिकांचे बारीक कण असतात, कणांच्या सीमा असतात आणि कणांच्या आत अणूंच्या रांगा चुकलेल्या जागा असतात. या चुका जाजमाच्या सुरकुतीसारख्या पुढे-मागे सरकू शकतात. प्रत्येक आंदोलनात त्या जराशा सरकल्या की थोडी ऊर्जा उष्णता होऊन गेली. आवाज त्यातच विझतो.

त्या किती सहज सरकतात हे ठरतं धातू त्याच्या द्रवणांकाच्या किती जवळ आहे यावर, आणि हे मोजायचं केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून. आपल्या खोलीचं तापमान सुमारे 300 केल्विन. पितळ वितळतं साधारण 1200 केल्विनला, म्हणजे खोलीत ते द्रवणांकाच्या चौथाईवर, अणू जागच्या जागी गोठलेले. झामॅकचा द्रवणांक 658 केल्विन, म्हणजे खोलीतच ते 45 टक्क्यांवर. शिसं 600 केल्विनला वितळतं, म्हणजे थेट निम्म्यावर. म्हणून पितळ टिणकतं, झामॅक ‘ठक्क’ करतं आणि शिसं नुसतं ‘थप’.

पटत नसेल तर शिशाची छोटी घंटा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काढा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या भांड्यात असतात, त्यात हाच द्रव असतो, उणे 196 अंशांचा. (भांडं उघडायला डॉक्टरांची परवानगी घ्या, बोटं गमावण्याचा तो सोपा मार्ग आहे.) 77 केल्विनला शिसं द्रवणांकाच्या 13 टक्क्यांवर येतं आणि थप करणारी घंटा खणखणीत वाजते. धातू तोच, फक्त अणूंचं सरकणं थांबलं.

तरीही त्या व्हिडिओवर विसंबू नका. सगळ्या अस्सल ड्युपॉन्टना टिणक नसते. बिजागरी सैल झाली, मूठ घट्ट धरली, बोट झाकणाला टेकलं की चांगलं पितळही मुकं होतं. आणि नक्कल करणाऱ्याला पितळ वापरायला बंदी कुणी केली आहे? आवाज असो की घनता, या कसोट्या दोषी ठरवू शकतात, निर्दोष सोडू शकत नाहीत.

बुडाचे शिक्के हा संग्राहकांचा आवडता विषय, पण शिक्का तर सगळ्यात सोपी नक्कल. झिप्पोवर महिन्यासाठी ए ते एल ही अक्षरं आणि वर्षाचा आकडा असतो. 2000 पर्यंत रोमन, 2001 पासून साधा. जुन्या लायटरचं मात्र वेगळं आहे. दुसऱ्या महायुद्धात पितळ काडतुसांकडे गेलं आणि झिप्पोने पोलादाची कवचं काढली, काळ्या खरबरीत रंगाची. अशा कवचाची घनता 7.8 येईल आणि चुंबकही चिकटेल, म्हणून तो पितळेचा नाही असं म्हणून टाकून देऊ नका. त्या काळच्या बुडावर पेटंटचा क्रमांकही चुकलेला सापडतो: खरा 2032695, छापलेला 203695, मधला 2 गळालेला. असा लायटर हाती आला तर आकडा चुकलाय म्हणून भाव पाडून मागू नका, विकणारा हसेल.