किरणोत्सारी धातू-कचरा : शुद्धीकरण आणि घट

अणुवीज केंद्रे, इंधन-पुनर्प्रक्रिया प्रकल्प आणि युरेनियम समृद्धीकरणाचे कारखाने यांची मोठी दुरुस्ती करताना किंवा ते मोडीत काढताना जे किरणोत्सारी धातू निघतात, त्यांना किरणोत्सारी धातू-कचरा म्हणतात. यात स्टीम जनरेटर, उष्णता-विनिमयक, पंप, झडपा, टाक्या आणि नळ्यांची प्रचंड जाळी येतात. किरणोत्सारिता रसायनाने, उष्णतेने किंवा लेझरने नष्ट होत नाही. ती धातूपासून सोडवायची आणि शक्य तितक्या कमी जागेत बंदिस्त करायची, एवढेच या क्षेत्रातल्या तंत्रज्ञानाला साधते. म्हणून कोणत्याही पद्धतीचा कस लावताना धातू किती स्वच्छ झाला याइतकेच, तो धुताना नवा कचरा किती निर्माण झाला हेही पाहावे लागते. नव्या तंत्रांची खरी प्रगती या दुसऱ्या बाजूला झाली आहे.

धातू दोन प्रकारे किरणोत्सारी होतो. अणुभट्टीच्या गाभ्याजवळच्या पोलादावर न्यूट्रॉनांचा मारा होऊन त्याचेच अणू बदलतात. पोलादात अल्प प्रमाणात असलेल्या कोबाल्टपासून कोबाल्ट-६० आणि निकेलपासून निकेल-६३ तयार होते. हे दूषण धातूच्या अंगात असते, ते धुऊन निघत नाही. याउलट गाभ्यापासून दूरच्या नळ्या आणि बॉयलर बहुतांशी पृष्ठभागावरच दूषित असतात. तिथे फिरत्या पाण्यातून आलेली किरणोत्सारी द्रव्ये, बंबाच्या आत क्षार धरावा तशी, काही मायक्रोमीटर जाडीच्या ऑक्साइड थरात अडकून बसतात. वजनाने पाहिले तर मोडीत निघणारा बराचसा धातू या दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि तो थर उतरवला की खालचे पोलाद चांगले निघते.

थर विरघळवण्याच्या जुन्या पद्धतींत तीव्र आम्ले वापरली जात आणि दूषित द्रवाचे साठे मागे उरत. जर्मनीत विकसित झालेल्या ‘कॉर्ड’ प्रक्रियेने हे चित्र बदलले. तिच्यात आधी परमँगॅनिक आम्लाने थरातल्या क्रोमियमचे ऑक्सिडीकरण करून थर सैल करतात, मग विरल ऑक्झॅलिक आम्लाने तो विरघळवतात. सुटलेले धातू-आयन रेझीनवर, म्हणजे आयन धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांवर, पकडले जातात. उरलेल्या ऑक्झॅलिक आम्लाचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड व पाण्यात विघटन होते. त्यामुळे शेवटी कचरा म्हणून हाती राहते ते मुख्यतः रेझीन. बेल्जियममधील मोल येथे १९६२ ते १९८७ या काळात चाललेल्या ‘बीआर-३’ अणुभट्टीच्या सुट्या भागांसाठी वेगळी वाट निवडली गेली: सल्फ्युरिक आम्लातले सिरियम. ते धातूचा पातळ थर विरघळवून काढते आणि ओझोन सोडून तेच द्रावण पुन्हा ताजे केले जाते.

भारतात या रसायनशास्त्रावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कल्पाक्कम येथील जल व बाष्प रसायन विभागात मोठे काम झाले आहे. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या प्राथमिक परिपथात, म्हणजे गाभ्याची उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यात, कार्बन पोलाद असते आणि त्यावर मॅग्नेटाइट या लोह-ऑक्साइडचा थर बसतो. जड पाणी महाग असल्याने ते काढून न घेता त्यातच रसायने अगदी विरल प्रमाणात सोडली जातात आणि काम झाल्यावर रेझीनने परत काढली जातात. शीतक नलिका बदलण्यासारख्या कामाआधी ही धुलाई केली की माणसांना मिळणारी किरणोत्साराची मात्रा घटते. अर्थात रसायनशास्त्र इतके सरळ वागत नाही. किरणोत्सारी अँटिमनी एका ठिकाणी सुटून दुसरीकडे उघड्या पडलेल्या कार्बन पोलादावर पुन्हा बसते, आणि तिच्यासाठी वेगळी योजना करावी लागते.

द्रव वापरायचाच नाही असाही एक पर्याय आहे. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाने विकसित केलेले जेल पृष्ठभागावर फवारतात. ते दूषित थर शोषून घेते, काही तासांत वाळते, तडकते आणि त्याच्या खपल्या व्हॅक्यूमने ओढून घेता येतात. लेझरच्या स्पंदांनी थर उडवून धूळ गाळण्यांत पकडण्याचे तंत्रही वापरात आले आहे. त्यात पाणी नाही, वाळू नाही, आणि काम रोबोटच्या हाती देता येते. मात्र लेझर जिथे पोहोचतो तिथलेच स्वच्छ करतो. अरुंद नळ्यांच्या वळणांत रसायनाला तोड नाही.

घट करण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे वितळवणे. इंडक्शन भट्टीत सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला पोलाद वितळले की किरणोत्सारी मूलद्रव्यांची आपोआप विभागणी होते. सीझियम-१३७ बाष्प होऊन धुरातून गाळणीत जाते. युरेनियम, प्लुटोनियम आणि स्ट्रॉन्शियम वर तरंगणाऱ्या मळीत जातात. कोबाल्ट आणि निकेल मात्र लोखंडाच्या सोबतच राहतात. यातला सर्वांत मोलाचा लाभ मोजणीचा आहे. हजारो वाकड्या नळ्या आतून मोजणे जवळपास अशक्य; पण रस ढवळून एकजीव झाला की त्यातून घेतलेला छोटासा नमुना अख्ख्या ओतीविषयी खरे सांगतो. कोबाल्ट-६०चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असल्याने थोडे जास्त दूषित ठोकळे काही वर्षे राखून ठेवले तरी बाहेर सोडण्याच्या मर्यादेखाली येतात. स्वीडनमध्ये न्यूशोपिंगजवळील स्टुड्सविक येथे १९८७ पासून, तर जर्मनीतील क्रेफेल्ड येथे १९८९ पासून अशा भट्ट्या चालल्या. क्रेफेल्डच्या धातूपासून अणुकचऱ्याचीच बिडाची पात्रे ओतली गेली, हा वापर मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. भट्टीचे औद्योगिक धोकेही विसरता येत नाहीत: १२ सप्टेंबर २०११ रोजी फ्रान्सच्या मार्कूल परिसरातील सेंट्राको केंद्रात वितळभट्टीच्या स्फोटात एक कामगार मरण पावला.

मोठ्या प्रमाणावर हे कसे घडते, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधील बर्कली अणुवीज केंद्र. सेव्हर्न नदीकाठचे हे केंद्र १९६२ ते १९८९ चालले. त्याचे १५ बॉयलर, प्रत्येकी सुमारे ३१० टनांचे, अणुभट्टीच्या इमारतींबाहेर आडवे पडून होते. २०१२ मध्ये पाच आणि २०१३ मध्ये उरलेले दहा बॉयलर जहाजाने स्वीडनला नेले गेले. तिथे ते कापून, आतून खरवडून वितळवले गेले. नव्वद टक्क्यांहून अधिक धातू पुन्हा वापरात आला आणि मळी, धूळ वगैरे उरलेला अंश ब्रिटनला परत पाठवला गेला.

धातू मोकळा सोडण्याच्या, म्हणजे सर्वसाधारण वापरासाठी बाहेर देण्याच्या, मर्यादा कडक आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २००४च्या मार्गदर्शिकेनुसार कोबाल्ट-६० व सीझियम-१३७ यांच्यासाठी ती दर ग्रॅमला ०.१ बेक्वेरेल (बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणुविघटन) आहे, आणि तिच्यामागचा निकष माणसाला वर्षाला सुमारे १० मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचे एकक) इतकी मात्रा हा आहे. तरीही लोकांची भीती समजण्यासारखी आहे, कारण हरवलेले किरणोत्सारी स्रोत भंगारात शिरल्याच्या घटना खऱ्या आहेत. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६०ने एकाचा बळी घेतला. २००८ मध्ये फ्रान्समधील लिफ्टच्या बटणांत सापडलेल्या कोबाल्टचा माग महाराष्ट्रातल्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत पोहोचला. यातले काहीही वर सांगितलेल्या शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडले नव्हते. मोजमाप न करता भंगार हाताळल्याचे हे परिणाम होते, आणि भंगारयार्डांच्या फाटकांवर संवेदक का हवेत हे त्यांनीच दाखवून दिले.

देशांची धोरणे यामुळेच वेगळी पडतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००० मध्ये आपल्या केंद्रांतील दूषित धातू बाजारात सोडणे थांबवले. कॅनडातील ब्रूस केंद्राचे १६ स्टीम जनरेटर ग्रेट लेक्समार्गे स्वीडनला नेण्याची योजना नियामकाची परवानगी मिळूनही २०११ मध्ये मोहॉक या मूळनिवासी समुदायाच्या आणि किनाऱ्यावरील शहरांच्या विरोधामुळे बाजूला पडली. जपानने कायदा बदलून तोकाई केंद्राच्या मोकळ्या केलेल्या धातूपासून बाके बनवली. फ्रान्समध्ये सर्व अतिसौम्य, म्हणजे अगदी कमी किरणोत्सारी, कचरा पुरण्याचाच दंडक होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो शिथिल झाला आणि वितळवून तपासलेल्या धातूला प्रकरणनिहाय परवानगीने बाहेर पडण्याची वाट मिळाली. त्रिकास्तां येथील बंद पडलेल्या समृद्धीकरण कारखान्यातले एक लाख टनांहून अधिक पोलाद या निर्णयाच्या मुळाशी आहे. २०२० मध्ये बंद झालेल्या फेसेनहाइम अणुवीज केंद्राच्या परिसरात त्यासाठी वितळ-केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आहे.