ॲबसिसिक अम्ल : पेशीगत वहन व ग्रहण

पाण्याचा ताण पडला की वनस्पतीच्या पेशींत झपाट्याने वाढणारे संप्रेरक. पर्णरंध्रे मिटवणे आणि बी सुप्तावस्थेत ठेवणे ही त्याची मुख्य कार्ये. सोलापूर जिल्ह्यातील रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि पुढे ती बहुतांशी काळ्या जमिनीतील साठलेल्या ओलीवरच पोसते. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी (एम ३५-१) याच परिस्थितीतली. जमीन भेगाळू लागल्यावर भर दुपारी ज्वारीची पाने सुरळीसारखी वळतात, तेव्हा पानातले पाणी वाचवण्याची जी धडपड चालते तिच्यात या अम्लाचा वाटा मोठा असतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेत ॲडिकॉट यांच्या गटाला हे अम्ल कापसाच्या कोवळ्या बोंडांत, तर ब्रिटनमध्ये वेअरिंग यांच्या गटाला सिकॅमोर वृक्षाच्या पानांत आढळले. दोन्ही पदार्थ एकच असल्याचे पुढे ठरले.

ते तयार कोठे होते, यावर मतभेद आहेत. १९८० च्या दशकातील प्रयोगांत मुळांचा एक भाग कोरडा व दुसरा ओला ठेवला असता पानांत पाणी पुरेसे असूनही रंध्रे आकसली. त्यावरून कोरडी पडलेली मुळे हे अम्ल प्रकाष्ठातून (पाणी वर नेणाऱ्या ऊतीतून) वर पाठवतात, असे मानले गेले. मात्र २००२ मधील टोमॅटोच्या कलमांत मुळे हे अम्ल पुरेसे बनवू न शकणाऱ्या वाणाची असूनही रंध्रे मिटली. २०१८ मध्ये ॲराबिडॉप्सिस या मोहरीवर्गीय रोपात मुळांकडून सीएलई२५ हे लहान पेप्टाइड (अमिनो अम्लांची आखूड साखळी) वर जाते व पानांत अम्लनिर्मिती सुरू करते, असे दिसून आले. या पुराव्यांमुळे पान हाच मुख्य उगम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मुळांतही ते काही प्रमाणात बनतेच.

वहनाची किल्ली सामूत (पीएच, म्हणजे आम्लतेच्या मापात) आहे. पेशीभित्तीतील द्रव किंचित आम्लधर्मी असतो. तेथे या दुर्बल अम्लाचे काही रेणू विद्युतभाररहित राहतात आणि पेशीपटलातून सहज आत शिरतात. पेशीद्रवाचा सामू सातच्या आसपास असल्याने आत ते आयनरूप होतात व अडकून पडतात. ताणाच्या वेळी भित्तीतील द्रवाचा सामू चढतो, तेव्हा वाटेतल्या पेशी हे अम्ल कमी शोषतात आणि ते रंध्राची उघडझाप करणाऱ्या रक्षक पेशींपर्यंत जास्त पोहोचते. याखेरीज वाहक प्रथिनेही आहेत. २०१० मध्ये ॲराबिडॉप्सिसमध्ये त्यांपैकी दोन ओळखली गेली : एबीसीजी२५ ते पेशीबाहेर टाकते, एबीसीजी४० आत घेते. ग्लुकोजशी जोडलेले निष्क्रिय रूप रिक्तिकेत (पेशीतील द्रवाने भरलेल्या पिशवीत) साठते व गरजेला मोकळे होते.

या अम्लाला ओळखून पेशीत संदेश सुरू करणाऱ्या ग्राही प्रथिनाचा शोध फार रखडला. २००६ मधील एक दावा दोन वर्षांनी मागे घेतला गेला, २००७ मधील दुसरा टिकला नाही. २००९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे पीवायआर–पीवायएल–आरकार कुलातील प्रथिने दाखवली, आणि आज तीच सर्वमान्य आहेत. ॲराबिडॉप्सिसमध्ये ती १४ आहेत. अम्ल या प्रथिनाच्या खोबणीत बसताच तिच्या तोंडावरचा पाश मिटतो व तयार झालेला पृष्ठभाग पीपी२सी या फॉस्फेटेजला (प्रथिनांवरील फॉस्फेट काढणाऱ्या विकराला) जखडतो. हे फॉस्फेटेज एरवी एसएनआरके२ या कायनेजला (प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला) दाबून ठेवत असते. ते अडकल्यावर मोकळे झालेले कायनेज एसएलएसी१ ही ऋणायन-वाहिनी (ऋणभारित आयनांना वाट देणारे पटलातील प्रथिन) उघडते. रक्षक पेशींतून ऋणायने, मागोमाग पोटॅशियम आणि शेवटी पाणी बाहेर पडते, पेशी सैलावतात व रंध्र मिटते. संदेश पोहोचवण्यासाठी नवे काही घडवावे लागत नाही, असलेला लगाम तेवढा सुटतो. ही रचना विलक्षण सुंदर आहे.

सोलापूरच्या डाळिंब बागांत बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून झाडाला ताण देतात. भारी काळ्या जमिनीत तो जास्त दिवस द्यावा लागतो. त्यानंतरच्या पानगळीसाठी इथेफॉन हे इथिलिन सोडणारे रसायन फवारतात. या अम्लाचा शोध गळीच्या अभ्यासातून लागला असला, तरी पानगळीत मुख्य भूमिका इथिलिन या वायुरूप संप्रेरकाची मानली जाते. इथेफॉन आम्लधर्मी द्रावणात टिकते व पेशीतील कमी आम्लतेत विघटन पावून इथिलिन सोडते. वायुरूप इथिलिनला पेशीत शिरण्यासाठी वाहक लागत नाही. त्याची ग्राही प्रथिने आंतर्द्रव्य जालिकेच्या (पेशीतील पटलांच्या जाळ्याच्या) पटलावर असतात व त्यांना तांब्याचा अणू लागतो.