खारातली पाळी

फाल्गुन सरता सरता लक्ष्मी मार्केटात गाजरं संपत येतात आणि कैऱ्या दिसायला लागतात. तेवढ्या दिवसांत मी गाजर, मुळा आणि हिरवी मिरची खारात घालते. परवा बरणीत बुडबुडे बघून शेजारच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "अडचणीत असताना हात लावलास का गं?"

बुडबुडे आले म्हणजे काम सुरू झालं, काकू.

अर्धा किलो गाजर, अर्धा लिटर पाणी, 30 ग्रॅम मीठ. म्हणजे एकूण साधारण 3 टक्के. दुसऱ्या दिवशी फोड वाकवली तर मोडत नाही, वाकते. परासरणाने तिच्यातलं पाणी बाहेर आलेलं असतं, सोबत थोडी साखरही. इतक्या मिठात सगळे जिवाणू मरत नाहीत. कुजवणाऱ्या बऱ्याच जणांची वाढ खुंटते, लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचं निभतं.

त्यांच्यातही पाळी असते, आणि मला खरी गंमत इथे वाटते. आधी ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू येतो. साखरेपासून लॅक्टिक आम्ल, थोडं अ‍ॅसिटिक आम्ल किंवा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो. काकूंना दिसले ते बुडबुडे याचेच. पण आंबटपणा वाढला की तोच टिकत नाही. मग प्लँटारम हा दुसरा जिवाणू (2020 मध्ये याचं लॅक्टोबॅसिलस हे आडनाव बदलून लॅक्टिप्लँटिबॅसिलस झालं) ताबा घेतो: ग्लुकोजच्या एका रेणूचे लॅक्टिक आम्लाचे दोन, वायू नाही. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (जितका कमी तितकं आंबट), 4.6 च्या खाली गेला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूची वाढ होत नाही. पीएच एकाने उतरला म्हणजे आम्लता दसपट, हे शाळेत शिकलेलं इथे उपयोगी पडतं.

सोलापुरात अडचण वेगळीच. ल्युकोनोस्टॉकला 20 अंशांच्या आसपास बरं वाटतं. आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीकडे. ल्युकोनोस्टॉक लवकर गळतो, वास फुलायच्या आत नुसता आंबटपणा येतो, आणि फोडीला कडक ठेवणारं पेक्टिन विरघळून गाजर लिबलिबीत होतं. म्हणून मी बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवते, तिसऱ्या दिवशी चव घेऊन फ्रिजमध्ये. फोडी खाराखाली बुडालेल्या हव्यात. वर पातळ पांढरी साय आली तर ती बहुधा यीस्टची, काढून टाकायची. केसाळ, रंगीत बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाकायची, तिथे हळहळ नको.

उरलेला खार दोन चमचे पुढच्या बरणीत विरजणासारखा घालून पाहिला. लवकर आंबलं, पण ल्युकोनोस्टॉकची पाळीच हुकली, आणि तिच्याबरोबर वासही.